पाण्यावरच्या माणसाला सांगू नये

सकेलारिसइतका थापाड्या माणूस आमच्या बेटावर दुसरा झाला नाही, आणि माझी खाणावळ निम्मी त्याच्या थापांवर चालायची, म्हणून मी त्याला फार बोलायचे नाही. मोठी जहाजं आमच्या धक्क्याला लागत नाहीत. ती बाहेर नांगर टाकतात आणि लाँचमधून माणसं सोडतात: टोप्या घातलेले आईबाप, अंगाला पांढरं मलम फासलेली पोरं, झोपेतून उठवून आणलेल्या आज्या. त्यांतलं एक कुटुंब हेरायचं, आपल्या निळ्या गाडीत कोंबायचं, दुपारपर्यंत बेट दाखवायचं आणि परतताना माझ्या दारात उतरवायचं, हा त्याचा धंदा.

इंग्रजी त्याला येत नव्हतं. गाडी चालवताना बोलायची काही वाक्यं तेवढी पाठ होती. "डावीकडे बघा, मठ. उजवीकडे बघा, चाच्यांची गुहा." ती गुहा म्हणजे आमच्या चुलत्यांचा शेळ्या बांधायचा गोठा.

"तुझ्या चाच्यांना शेळ्यांचा वास येतो रे," मी म्हणायचे.

"चाचे कुठे रोज अंघोळ करायचे?" तो म्हणायचा. "उलट खरं वाटतं लोकांना."

असा हा माणूस. पण गाडी दफनभूमीच्या फाट्यावर आली की त्याची बडबड बंद पडायची. वर सुरूची झाडं दिसायची, पांढरी भिंत दिसायची. पाहुणे विचारायचे, ते काय? तो हॉर्न वाजवून पुढे निघायचा. तिथे थेमेलिना होती, त्याची बायको, आणि तिला वर काढायची वेळ कधीच उलटून गेली होती.

आमच्याकडे माणूस मातीत कायमचा राहत नाही. राहणार कुठे? सगळा खडक, त्यात ओंजळभर माती. काही वर्षं गेली की कबर उघडायची, हाडं वर घ्यायची, वाइननं धुवायची आणि पेटीत घालून चॅपेलमागच्या खोलीत इतरांच्या शेजारी ठेवायची. जवळच्या माणसानं डोकं पांढऱ्या रुमालात हातावर घ्यायचं, 'ये, आलीस' म्हणून स्वागत करायचं, कपाळावर नाणं ठेवायचं. हाडं स्वच्छ, मधाच्या रंगाची निघाली म्हणजे मातीनं माणसाला घेतलं, जीव मोकळा झाला. तसं झालं नसेल तर पुन्हा झाकून टाकायचं. मग त्या माणसावर कुणाचा तळतळाट होता याची चर्चा करायला गाव मोकळं.

पापा निकितास, आमचे पाद्री, दर रविवारी त्याला गाठायचे. "सकेलारिस, अरे मरणारे थांबत नाहीत. मला जागा लागते."

"पापा, जरा हवा निवळू दे. पाठ दुखतेय. जहाजांचा मोसम संपू दे." कारणांना तोटा नव्हता. त्यालाही माहीत होतं, पापांनाही माहीत होतं आणि मला तर सगळ्यांत जास्त, की तो घाबरलाय. कशाला, तेही गावाला माहीत होतं. कारण ते घडलं तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर उभं होतं.

सकेलारिसची एकुलती मुलगी सेवास्ती. आमच्याकडे घर थोरल्या मुलीचं, ती जन्मली त्या दिवसापासून. थेमेलिनाला ते तिच्या आईकडून आलं होतं आणि पुढे सेवास्तीला जायचं होतं. पण डोंगराचे कडे चढायला आलेला एक ऑस्ट्रेलियाचा पोरगा, ग्रॅहम, सेवास्तीच्या मनात भरला. पोरगा वाईट नव्हता. लाजाळू होता, माझ्याकडे जेवला की स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवायचा. पण थेमेलिना म्हणाली, तो नाहीतर घर. सेवास्तीनं बॅग भरली. फेरीबोटीची शिडी उचलायच्या बेतात असताना थेमेलिना धावत धक्क्यावर आली. मला वाटलं, आता मिठी मारेल. तिनं गळ्यातला काळा रुमाल मयताला बांधतात तसा डोक्याला बांधला आणि सगळ्यांसमोर ओरडली, "आजपासून मला मुलगी नाही!"

सेवास्ती शिडीवरूनच वळली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती म्हणाली, "मातीनंसुद्धा तुला घेऊ नये!"

याहून वाईट शाप आमच्या भाषेत नाही. जो तो खाली बघायला लागला. फेरी सुटली. सकेलारिस दोघींच्या मधे कुठेतरी उभा होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. जगाला थापा मारणारा माणूस, पण घरातल्या दोन बायकांपुढे आयुष्यभर मुका.

दोघी एकाच दगडाच्या. सेवास्तीला तिकडे मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे तिनं आजीचंच नाव ठेवलं, थेमेलिना, घरात लीना. हे इथे कळलं तेव्हा थेमेलिनानं नातीसाठी सोन्याचा क्रूस आणला. मला दाखवला, रडली, खणात ठेवला आणि पाठवला नाही. मग एक दिवस कपडे वाळत घालताना ती पडली आणि उठली नाही. सेवास्ती मातीला आली नाही. तेव्हापासून सकेलारिसच्या डोक्यात एकच घर करून बसलं: पोरीचा शाप थेमेलिनाला लागला असणार, ती खाली तशीच असणार, आणि ते शब्द मागे घेऊन सेवास्तीनं स्वतः वाइन ओतल्याशिवाय सुटका नाही.

आणि मग सेवास्तीचा फोन आला. सकेलारिस माझ्या खाणावळीतच बसला होता, छोटे मासे निवडत. फोन ठेवला आणि निवडलेले मासे त्यानं पुन्हा न निवडलेल्यांत ओतले.

"ती जहाजावर आहे," तो म्हणाला. "सगळे आहेत. ग्रॅहम, लीना, धाकटं. गुरुवारी इथे थांबणार. आधी सांगितलं नाही म्हणाली, ऐन वेळी धीर सुटला असता म्हणून."

मग उठून तो सरळ पापांकडे गेला. गुरुवारी दुपारी जेवणानंतर कबर उघडायचं ठरवून आला. खोदणाऱ्या मिकेसला सांगितलं, पत्र्याची नवी पेटी आणली, माझ्याकडून घरची लाल वाइन मागून घेतली.

"सेवास्तीला सांगितलंस का?" मी विचारलं.

"पाण्यावर आहे ती."

"मग?"

"मग काय, कालिरोई? पाण्यावरच्या माणसाला कबरीची गोष्ट सांगतात?"

नाही सांगत. मी तरी कोणत्या तोंडानं वाद घालू? माझा बाप समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला जायचा आणि तो परत येईपर्यंत आमच्या घरात मेलेल्या कोंबडीचंसुद्धा नाव कुणी घ्यायचं नाही. माणसाचा पाय जमिनीला लागेपर्यंत मरण, माती, कबर, काही बोलायचं नाही. समुद्र ऐकतो म्हणतात.

"बरं, धक्क्यावर उतरली की लगेच सांग," मी म्हटलं.

"लगेच कसं? आधी 'ये' म्हणायला नको का?"

ते वाक्य त्यानं माझ्याच गल्ल्यापाशी उभं राहून पाठ केलं. "ये गं पोरी. घर तुझंच आहे." कधी हात पसरून म्हणायचा, कधी हात मागे बांधून. मी हसायचे. "अरे, लग्नाचं भाषण आहे का? पोरगी आहे तुझी."

"म्हणूनच तर," तो म्हणायचा.

गुरुवारी तो पांढरा शर्ट घालून, दाढी करताना हनुवटी कापून धक्क्यावर उभा होता. मलाही ओढून नेलं. "तू चल. मला ऐन वेळी सुचायचं नाही." सकाळी समुद्र बरा होता, पण मठाच्या डोंगरावर ढगाची पट्टी बसली होती. म्हणजे दुपारी मेल्तेमी सुटणार. आम्हा दोघांनाही दिसत होतं. उन्हाळ्यातला हा वारा एकदा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही, पण त्या सकाळी आम्ही त्याचं नाव काढलं नाही.

लाँच लागली. आधी ग्रॅहम उतरला, छातीशी धाकटं बांधलेलं. मग दहा वर्षांची लीना, गुडघे खरचटलेले, थेट थेमेलिनाचं कपाळ. मग सेवास्ती. ती अंगानं भरली होती, डोक्यावर भली मोठी टोपी. सकेलारिस पुढे झाला, हात दिला, तोंड उघडलं आणि काय म्हणाला असेल? इतक्या वर्षांची सवय. लाँचमधून उतरणाऱ्या माणसाला हात दिला की जिभेवर जे येतं तेच आलं, तेही इंग्रजीत: "आमच्या बेटावर आपलं स्वागत आहे. पायरी सांभाळा."

सेवास्ती थबकली. "बाबा," ती म्हणाली, "अहो, मी आहे."

"हो, हो," तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन गाडीकडे पळाला. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

गाडीतही तेच. नातीशी बोलायला त्याच्याकडे शब्द कुठले? तिला आमची भाषा येत नव्हती आणि त्याला इंग्रजीत फक्त सहल येत होती. म्हणून त्यानं जेवढं होतं तेवढं सगळं तिला दिलं. "डावीकडे बघा, मठ. उजवीकडे बघा, चाच्यांची गुहा." लीनाला ते फार आवडलं. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. तिनं काहीतरी विचारलं.

"चाचे अजून आहेत का, विचारतेय," सेवास्ती म्हणाली.

"सांग तिला, एक उरलाय. गाडी चालवतोय."

सेवास्ती हसली आणि हसता हसता टोपी पुढे ओढून रडली. मी तिचा हात धरला. "मावशी, तो गोठा अजून आहे?" तिनं विचारलं. "आहे की. चाचे बें-बें करतात रोज." मग ती खरंच हसली. मला तेव्हा वाटलं, आता सांगेल हा. आता सांग बाबा. पण गाडी नेहमीच्या रस्त्यानं नेहमीच्या खाडीवर गेली, आणि पोरं पाण्यात शिरली.

वाळूवर सेवास्ती धाकट्याला पाजायला माझ्याजवळ बसली. पोर सव्वा वर्षाचं असेल, पण आईच्या अंगाशिवाय त्याचं कुणाशी पटत नव्हतं.

"मावशी, आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?"

"खणात एक क्रूस आहे. तुझ्या बापाला विचार."

तिनं धाकट्याला दुसऱ्या अंगाला घेतलं. मग तिनं बापाला हाक मारली. "बाबा, मला वर जायचंय. आईकडे. दिव्यात तेल घालून येऊ या, आत्ता."

देवानं संधी ताटात वाढून दिली होती. पण वर गेलं की पेटी दिसणार, मिकेसची फावडी दिसणार, आणि त्याला आधी तिला जेवू घालून, घरी नेऊन, नीट समजावून सांगायचं होतं. "जेवणानंतर," तो म्हणाला. "उपाशीपोटी नको. कालिरोईनं द्राक्षाच्या पानांत भात भरलाय तुझ्यासाठी. जेवणानंतर नक्की." ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, याला आपल्याला तिथे न्यायचंच नाही.

दुपार कलायच्या आतच वारा आला. आधी छत्र्या उलटल्या. मग जहाजाचा भोंगा झाला, लांबलचक, पुन्हा पुन्हा. ग्रॅहमच्या फोनवर निरोप आला: समुद्र चढतोय, जहाज लवकर निघणार, सगळ्यांनी ताबडतोब धक्क्यावर यावं. ओली पोरं तशीच टॉवेलात गुंडाळून गाडीत घातली. माझा भात तसाच राहिला.

फाट्यावर सकेलारिसनं गाडी थांबवली. हॉर्न वाजवला नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत म्हणाला, "सेवास्ती, आज तुझ्या आईला वर काढायचंय. पापा थांबलेत. मी सगळं ठरवून ठेवलंय."

"आज?" ती म्हणाली. "आणि मला आत्ता सांगताय?"

"तू पाण्यावर होतीस."

"मी सकाळपासून जमिनीवर आहे, बाबा!"

तिनं दार उघडलं, खाली उतरली. वाऱ्यानं टोपी उडून काटेरी झुडपात गेली, तिनं बघितलंही नाही. ती वर सुरूच्या झाडांकडे बघत उभी राहिली. ग्रॅहमनं विचारलं, तिनं सांगितलं. तो माणूस भला. तो म्हणाला, तू राहा, मी मुलांना घेऊन जातो. पण धाकटं आईसाठी हात पसरून ओरडायला लागलं होतं. कपडे, कागद, सगळं त्या जहाजावर. आणि मेल्तेमी सुटला की फेरीबोटी बंद, हे या मातीतल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. आज राहिली तर कधी निघेल याचा नेम नव्हता. तरी ती म्हणाली, "मी राहते."

सकेलारिस उतरला. एवढी वर्षं याच एका गोष्टीसाठी तो थांबला होता. त्यानं तिच्या दंडाला धरलं आणि गाडीत बसवलं. "नको," म्हणाला. "पोर अंगावर पितंय तुझ्या. एक आई पोरीशिवाय राहिली तेवढं पुरे."

मग त्यानं गाडी थेट धक्क्यावर आणली. शेवटची लाँच दोराला हिसके देत होती. सेवास्तीनं बापाची कॉलर धरली. "बाबा, मी ते मागे घेतलंय. केव्हाच. लीनाचं नाव ठेवलं त्याच दिवशी. सांगा तिला."

"सांगतो."

"आणि जर... जर मातीनं..."

"घेतलं असेल."

"मला कळवा. लगेच कळवा. काहीही असो."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात लीना परत वळून आली. जहाजावर पोरांना शिकवलेलं असतं, सहल संपली की गाडीवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. तिनं आजोबाच्या तळहातावर एक नाणं ठेवलं, त्याची बोटं मिटली आणि आईनं गाडीत शिकवला असेल तो आमच्या भाषेतला एकच शब्द म्हणाली: "आभार." ग्रॅहमनं तिला उचलून लाँचमध्ये घेतलं. सेवास्तीनं ते पाहिलं नाही, पाहिलं असतं तर ती गेलीच नसती.

लाँच निघाल्यावर सकेलारिस म्हणाला, "पापांना सांग, आज नको."

"मिकेसनं सकाळीच वरची माती काढलीय," मी म्हटलं. "अर्धवट उघडी ठेवणार आहेस का बायकोला?"

मग आम्ही वर गेलो. वाऱ्यानं पापांचा झगा फडफडत होता आणि त्यांची प्रार्थना निम्मी समुद्राकडे उडून जात होती. मिकेस खाली उतरला. सकेलारिस पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, वाइनची सुरई पोटाशी धरून. फावड्याचा आवाज बंद झाला, मिकेस हातानं उकरायला लागला, आणि मी माझ्या पदरची सगळी देवाची नावं घेतली.

"कालिरोई," मिकेस खालून म्हणाला, "इकडे ये. बघ."

मी वाकले. मी पुष्कळ कबरी उघडलेल्या पाहिल्यात, पुष्कळांची हाडं या हातांनी धुतलीत. इतकी स्वच्छ क्वचित पाहिली. मधाच्या रंगाची. मातीनं थेमेलिनाला घेतलं होतं, आणि आज-काल नव्हे, फार पूर्वीच. इतकी वर्षं तो फाट्यावरून हॉर्न वाजवत पळाला, दर रविवारी पापांना चुकवत राहिला, ते सगळं उगाच. मला रडू फुटलं आणि रागही आला, कुणाचा ते मलाच कळेना.

मी ओतत गेले, तो धूत गेला. मग मी डोकं पांढऱ्या रुमालात घेऊन त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते जवळ घेतलं आणि पाठ केलेलं वाक्य अखेर त्याच्या तोंडून आलं, न अडखळता: "ये गं. घर तुझंच आहे." मग हळूच म्हणाला, "पोरीनं मागे घेतलंय बरं का. केव्हाच." आणि लीनाचं नाणं तिच्या कपाळावर ठेवलं.

खाली जहाज नांगर उचलून वळत होतं. मी डोळे पुसले आणि माझा फोन त्याच्यापुढे धरला. "लाव तिला. अजून आवाज पोचेल. जीव मुठीत धरून बसली असेल पोर."

"पाण्यावर आहे ती."

"अरे, चांगली बातमी आहे!"

"कबरीची बातमी आहे, कालिरोई. पोरं आहेत तिच्याबरोबर, आणि असा वारा. जमिनीला लागू दे."

"किती दिवस ती तशीच राहणार, कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला.

मी तो फोन भिंतीवर आपटणार होते. पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो रुमालातलं ओझं सांभाळत भिंतीच्या टोकाशी गेला होता आणि तिला समुद्राकडे तोंड करून धरलं होतं.

"डावीकडे बघ, थेमेलिना," तो सांगत होता. "ते पांढरं जहाज. त्यात आपली सेवास्ती आहे."